करमाफ दुकान आणि विमानतळावरची करोडगिरी

करोडगिरी हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. पण मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तो नेहमी असे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरहद्दीवरून ये-जा करणाऱ्या मालावर जो कर घेतला जाई, त्या खात्याचे नाव करोडगिरी. इंग्रजांच्या कंपनीशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहात या कराचा दर शेकडा पाच ठरला होता. आणि सरहद्द तरी कुठे फार दूर होती? जालन्याहून देऊळगाव राजा म्हणजे एस.टी.ने थोडक्यात पोचण्याचा रस्ता. पण जालना निजामाच्या अंमलात आणि देऊळगाव राजा वऱ्हाडात; अन् वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती. सोयरीक शेजारच्या गावची, पण अंमल वेगळा आणि नाणेही वेगळे. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये मोजावे तेव्हा सहा कलदार मिळत.

या नाक्यांविषयी लोकांच्या मनात काय होते, ते १९४७-४८ साली दिसले. मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी सरहद्दीवरच्या कँपांतून ज्या ठाण्यांवर हल्ले केले, त्यांत करोडगिरीचे नाके प्रामुख्याने होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि पुढे काही वर्षांत ती जुनी करोडगिरीही संपली. गावोगावचे जकातनाकेही नंतर एकेक करून गेले. मुंबईचा जकातनाका १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा बंद झाला.

मग आता नाका उरला कुठे? तो देशाच्या सरहद्दीवर उरला आहे. आणि विमानाने येणाऱ्या माणसासाठी देशाची सरहद्द म्हणजे विमानतळ. तिथल्या करोडगिरीला आपण कस्टम म्हणतो, सरकारी कागदावर सीमाशुल्क म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आज कितीतरी माणसे या नाक्यावरून जातात. कोणी हज किंवा उमऱ्याला जाऊन येतो, कोणी आखाती देशांत मजुरीला किंवा नोकरीला आहे. कोणाचा मुलगा अमेरिकेत शिकतो आणि आईवडील चार महिने त्याच्याकडे राहून येतात. कोणी श्रीलंका, थायलंडमधल्या बुद्धविहारांच्या दर्शनाला जातात, तर कोणी शेती पाहण्यासाठी इस्रायलला. जाताना सारे हौसेने जातात. येताना मात्र नाक्यापाशी छातीत धडधड सुरू होते, कारण काय आणलेले चालते आणि काय चालत नाही, हे नेमके कोणी सांगितलेले नसते. आज आपण तेवढेच समजून घेऊ.

पहिला घोटाळा शब्दाचाच आहे. विमानतळावर झगमगीत दुकाने असतात आणि त्यांवर ‘ड्यूटी फ्री’ अशी पाटी असते. माणूस वाचतो आणि समजतो की इथला माल करमुक्त. तेव्हा कितीही घेतला तरी कोणी विचारणार नाही. हा समज खरा नाही, आणि तो का खरा नाही हे या दुकानांचा जन्म कसा झाला ते पाहिले की कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना एका दमात अटलांटिक महासागर ओलांडता येत नसे. ती आयर्लंडमधल्या शॅनन या विमानतळावर तेल भरायला उतरत. तेवढा वेळ प्रवासी तिथे बसून राहत. तिथल्या उपाहारगृहाची व्यवस्था पाहणारे ब्रेंडन ओ’रीगन यांच्या मनात आले, की हे प्रवासी काही आयर्लंडमध्ये आलेले नाहीत. ते नुसते पुढे चालले आहेत. मग त्यांनी घेतलेल्या वस्तूंवर आयर्लंडचा कर कशासाठी? १९४७ साली तसा कायदा झाला आणि शॅननला जगातले पहिले करमाफ विमानतळ-दुकान निघाले.

आपल्याकडच्या जकातीचेच उदाहरण घ्या. माल गावात उतरला, विकला, वापरला तर जकात. पण मालाची गाडी गाव ओलांडून नुसती पुढे जाणार असेल तर त्या मालावर जकात लागू नये, असेच जकातीचे तत्त्व होते. शॅननच्या दुकानामागे नेमका हाच विचार आहे. आता बघा, त्या गाडीला एका गावाने सोडले म्हणून पुढचे गाव सोडील काय? माल जिथे उतरणार तिथली जकात तर लागणारच. तसेच दुबईच्या किंवा जेद्दाच्या करमाफ दुकानात तुम्ही वस्तू घेतली, तर सुटला तो तिकडचा कर. वस्तू भारतात उतरली की इकडच्या कराचा प्रश्न नव्याने उभा राहतो. दुकानावरची पाटी त्या देशापुरती बोलते. आपल्या देशाच्या वतीने बोलण्याचा तिला अधिकार नाही.

आपल्या विमानतळांवर परदेशातून उतरल्यावरही अशी दुकाने लागतात. तिथे घेतलेला मालही प्रवाशाला जी सूट असते तिच्यातच मोजला जातो. तेव्हा खरा प्रश्न असा की ही सूट किती, कोणाला आणि कशासाठी?

सूट देण्याची कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे, म्हणजे नाक्यावरच्या मुख्य अधिकाऱ्याचे, प्रकरण आहे. लग्नकार्य, यज्ञ, देवपूजा, बाळंतपण, मुंज अशा कामांसाठी नेलेल्या वस्तूंवर शुल्क घेऊ नये, असे तिथे सांगितले आहे. व्यापाऱ्याच्या मालावर कर आणि गृहस्थाच्या घरच्या गरजेला मोकळीक, असा हा भेद. पण त्याच्या मागोमाग दुसरेही सांगितले आहे: खोटे कारण सांगून जो माल सोडवून नेईल त्याला चोराची शिक्षा. श्रोते हो, आजचे सगळे नियम या दोन गोष्टींतून उलगडतात. माल स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी असावा, आणि नाक्यावर खरे सांगावे. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे आकडे जड जाणार नाहीत.

आपला सीमाशुल्काचा कायदा १९६२ सालचा. त्याखाली प्रवाशांच्या सामानाचे नियम असतात आणि ते वेळोवेळी बदलतात. १९९८ चे नियम होते, मग २०१६ चे आले, आणि फेब्रुवारी २०२६ पासून नवे लागू झाले. परदेशाहून परत येणाऱ्या आपल्या नागरिकाला किती किमतीच्या वस्तू कर न भरता आणता येतील, तो आकडा २०१४ साली ३५ हजारांवरून ४५ हजार झाला, २०१६ साली ५० हजार झाला आणि २०२६ साली ७५ हजार झाला. तुमचे वापरलेले कपडे, नेहमीच्या वापरातल्या चीजवस्तू यांत धरत नाहीत. त्या वेगळ्या सुटतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉपही वेगळा आणता येतो. दोन वर्षांच्या आतल्या तान्ह्या मुलाला मात्र ही ७५ हजारांची सूट नाही. त्याचे कपडे, दुपटी, खेळणी एवढेच.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण याच ठिकाणी चांगली शिकलेली माणसेही चुकतात. ही सूट दर माणशी आहे आणि ती एकमेकांत मिसळता येत नाही. समजा, नवरा-बायको दोघे आले. त्यांनी १ लाख २० हजारांची एकच वस्तू आणली. त्यांचा हिशेब असा: दोघांचे मिळून दीड लाख होतात, म्हणजे आपण मर्यादेत आहोत. नाक्यावरचा हिशेब असा: वस्तू एक आहे, ती एकाचीच, त्याला ७५ हजार सोडले, उरलेल्या ४५ हजारांवर कर. सामानावरचा हा कर २०१८ साली शेकडा साडेअडतीस होता. त्या दराने ४५ हजारांवर १७ हजार ३२५ रुपये होतात. कर संपूर्ण किमतीवर लागत नाही, वरच्या फरकावर लागतो, हेही यातून ध्यानात येईल. म्हणजे मर्यादा ओलांडली की वस्तू गेली, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. खरे सांगून कर भरला की वस्तू तुमची.

काही वस्तू या ७५ हजारांच्या सुटीत बसतच नाहीत. शंभरापेक्षा जास्त सिगारेटी, दोन लिटरपेक्षा जास्त मद्य, बंदूक, तसेच दागिना नसलेले सोने-चांदी, म्हणजे बिस्कीट, नाणे, वीट. टीव्हीचीही गोष्ट अशीच आहे. एके काळी दुबई, बँकॉकहून येणारे पुष्कळ प्रवासी चपट्या पडद्याचा टीव्ही घेऊन येत. विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावर बॅगांपेक्षा टीव्हीची खोकीच डोळ्यांत भरत. घरच्या वापराच्या नावाखाली व्यापार होऊ लागला, तेव्हा २६ ऑगस्ट २०१३ पासून टीव्हीची सूट सरकारने काढून घेतली. सूट वापरासाठी असते. तिचा धंदा झाला की ती जाते, याचे हे जिवंत उदाहरण आहे.

आता सोन्याकडे येऊ. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सोन्याची ओढ आपल्याला नवी नाही, आणि आखातातून येणाऱ्या माणसाकडून घरच्यांची पहिली अपेक्षा सोन्याचीच असते. दागिन्यांची वेगळी सूट नियमांत आहे: स्त्रीला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम. पण हे आकडे गावभर फिरतात आणि त्यांच्या पुढची अट मागे राहते. ही सूट फक्त एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्याला आहे. हजला गेलेला यात्रेकरू चाळीसेक दिवसांत परततो, उमऱ्याचा त्याहून लवकर, मुलाकडे गेलेले आईवडील चार-सहा महिन्यांत. यांपैकी कोणालाही दागिन्यांची ही वेगळी सूट मिळत नाही. ‘बाईमाणसाला चार तोळे चालतात’ हे अर्धेच वाक्य ऐकून एखादी म्हातारी पाटल्या घालून उतरते आणि मग नाक्यावर रडण्याची पाळी येते. पूर्ण वाक्य असे आहे: वर्षाहून जास्त राहिलेल्या बाईमाणसाला चार तोळे चालतात.

इथे तोळा म्हणजे सराफाच्या आजच्या बोलीतला दहा ग्रॅमचा. २०१६ च्या नियमांत वजनाबरोबर किमतीचीही मर्यादा होती: पुरुषाचे २० ग्रॅम, पण ५० हजारांच्या आतले, स्त्रीचे ४० ग्रॅम, पण एक लाखाच्या आतले. हिशेब केला तर तोळ्याला २५ हजार पडतात. २०२५ साली तोळ्याचा भाव लाखावर गेला, तेव्हा कागदावरचे चार तोळे प्रत्यक्षात जेमतेम एका तोळ्यावर आले. २०२६ च्या नियमांत किमतीची अट काढून नुसते वजन ठेवले आहे. सुटीपेक्षा जास्त सोने आणायचे असेल तर कर भरून आणण्याचा मार्गही कायद्याने ठेवला आहे. त्याच्या अटी निघण्यापूर्वी कस्टमच्या कचेरीत विचारून घ्याव्यात.

अंगावरचे घरचे दागिने घालून परदेशी जाणाऱ्या बायकांनी एक काळजी जरूर घ्यावी. जातानाच विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याला दागिने दाखवून त्यांचा दाखला घ्यावा. त्यात वजन, नग, वर्णन लिहिलेले असते. परत येताना हा कागद दाखवला की ‘हे तिकडे घेतले’ असा संशय उरत नाही. सराफाची जुनी पावती आणि दागिन्यांचा फोटो जवळ असला तर आणखी सोपे. महागडा कॅमेरा किंवा तसलेच दुसरे यंत्र बरोबर नेणाऱ्यानेही असेच करावे.

सामान घेऊन बाहेर पडताना दोन वाटा दिसतात. एकीवर हिरवी खूण, दुसरीवर लाल. हिरवी वाट ज्याच्याजवळ कर लागण्यासारखे काही नाही त्याच्यासाठी. लाल वाट ज्याला काही सांगायचे आहे त्याच्यासाठी. पुष्कळांना वाटते की लाल वाट गुन्हेगारांची आणि हिरवी साळसूदांची. म्हणून खिशात चार तोळे असूनही माणूस गर्दीबरोबर हिरव्या वाटेने चालू लागतो. मनात म्हणतो, विचारले तर सांगू. पण कायद्याच्या दृष्टीने तो बोलून चुकलेला असतो. कलम ७७ प्रमाणे सामानात काय आहे ते सांगण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे, आणि हिरव्या वाटेवर पाऊल ठेवणे म्हणजे ‘माझ्याजवळ काही नाही’ असे सांगणेच आहे. तोंडातून शब्द निघाला नाही म्हणून ते खोटे ठरत नाही असे नाही. त्याच वस्तू घेऊन लाल वाटेने गेला असता तर कर भरून सुटला असता. हिरव्या वाटेने गेला म्हणून वस्तू जप्त, वर दंड, आणि रक्कम मोठी असेल तर खटला. लाल वाटेवर जाऊन विचारण्यात कमीपणा नाही. तहसील कचेरीत आपण शंका विचारतो, तशीच ही विचारणा.

परकीय चलनाचेही असेच. ते आणायला मनाई नाही. पण नोटा पाच हजार डॉलरपेक्षा जास्त असल्या, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश वगैरे मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त झाले, तर तसे लिहून द्यावे लागते. लिहून दिले की प्रश्न मिटला.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. ती दुसऱ्याच्या सामानाची आहे. समजा, आपल्या गावचा एक तरुण आखातातून दोन वर्षांनी सुटीवर निघाला आहे. आदल्या रात्री ओळखीचा एक जण येतो आणि म्हणतो, ‘भाऊ, एवढा खजुराचा डबा आमच्या घरी पोचवशील का? मुंबईला आमचा माणूस येईल.’ आपल्याकडे निरोप आणि पुडके नेणे हा शेजारधर्म आहे. नाही म्हणवत नाही. डब्याच्या तळाशी सोने असले तर? विमानतळावर डबा उघडला की ते ज्याच्याजवळ सापडले तो आधी पकडला जातो. सोन्याच्या बाबतीत कलम १२३ आणखी कडक आहे. इतर खटल्यांत गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागतो. पण चोरटे म्हणून पकडलेले सोने चोरटे नाही, हे ज्याच्याजवळ सापडले त्यालाच दाखवून द्यावे लागते. डबा देणाऱ्याचे नाव माहीत असते, पण पत्ता खोटा निघतो, फोन बंद असतो. मोठ्या रकमेच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पारपत्र अडकते, नोकरी जाते, आणि घरी कर्जाचा हप्ता तसाच उभा राहतो. फुकट तिकिटाच्या किंवा स्वस्त यात्रेच्या आमिषाने गरीब माणसांकडून सोने आणवल्याची प्रकरणेही वर्तमानपत्रांतून येत असतात. अशा वेळी एकच उत्तर द्यावे: ‘उघडून दाखव, माझ्या समोर भर, पावती दे, नाहीतर मी नेणार नाही.’ खरा मित्र यावर रागावणार नाही.

हा चोरटा धंदा चालतो तो कराच्या फरकावर. सोन्यावर जितका कर जास्त, तितका कर चुकवणाऱ्याचा नफा जास्त. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचा आयातकर शेकडा १५ वरून ६ वर आणला, तेव्हा हा फरक कमी झाला. पण कोणी म्हणेल, सरकारचे थोडे बुडाले तर काय बिघडते? तेव्हा १९९३ साल आठवावे. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर त्या वर्षी स्फोटके उतरली. सोन्या-चांदीची चोरटी आयात करणाऱ्या माणसांची आणि वाटांचीच त्या कामी मदत झाली. १२ मार्चला मुंबईत बाँबस्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. या खटल्यात कस्टमचे काही अधिकारीही दोषी ठरले. नाक्यावर एकदा डोळा मिटला की त्या वाटेने पुढे काय येईल, हे डोळा मिटणाऱ्याच्या हातात राहत नाही.

शेतकरी बंधूंसाठी आणखी एक सूचना. आपल्या जिल्ह्याचे नाव बियाण्यांच्या धंद्यासाठी देशभर आहे. तेव्हा परदेशी शेत पाहिले की चांगले बी दिसताच खिशात टाकावेसे वाटते. एखादी फळझाडाची फांदी ओल्या कापडात गुंडाळून आणावीशी वाटते. असे करू नये. झाडे, बिया, माती यांसाठी २००३ चा वनस्पती विलगीकरणाचा वेगळा आदेश आहे आणि परवान्याशिवाय त्या आणता येत नाहीत. इथे कराचा प्रश्नच नाही. प्रश्न रोगाचा आणि किडीचा आहे. गाजरगवत आपल्या बांधावर कसे आले ते आठवा. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानतात. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले आणि आज महाराष्ट्रात त्याच्याशिवाय बांध सापडत नाही. चिमूटभर बी काय करू शकते, याचा एवढा पुरावा पुरे.

नाक्यावर प्रवाशाची कर्तव्ये आहेत तसे त्याचे हक्कही आहेत, आणि ते माहीत असले म्हणजे मनातली भीती जाते. भरलेल्या कराची पावती घ्यावी. वस्तू अडकवून ठेवली तर तिचाही कागद मिळतो; तो मागून घ्यावा, नीट वाचावा, आणि समजला नाही तर सही करण्यापूर्वी विचारावे. अंगझडती घ्यायची वेळ आली तर कलम १०२ प्रमाणे आपल्याला राजपत्रित कस्टम अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करता येते. बाईची झडती बाईनेच घ्यावी, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. परदेशी राहणाऱ्या आणि थोड्या दिवसांसाठी घरी आलेल्या माणसाला कलम ८० उपयोगी पडते: जवळच्या वस्तूविषयी खरे सांगितले आणि ती इथे आणायची नसली, तर कस्टमकडे ठेवून परत जाताना नेता येते. जप्तीचा हुकूम झाला तरी त्यावर अपील आहे. मात्र हे हक्क ज्याने आधी खरे सांगितले त्याच्या हातात अधिक बळकट असतात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जेद्दाहून मुंबईला उतरून पुढे दुसऱ्या विमानाने संभाजीनगरला यायचे असले, तरी कस्टमची तपासणी साधारणपणे मुंबईलाच होते, कारण देशात पहिले पाऊल तिथे पडते. तेव्हा दोन विमानांच्या मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. खरेदीच्या पावत्या बॅगेच्या तळाशी न ठेवता हातात राहतील अशा ठेवाव्यात. पावती नसली तर किंमत अधिकारी ठरवतो. करमाफ दुकानातला माल स्वस्तच असतो असेही धरून चालू नये. कराची रक्कम वजा असली तरी दुकानाचे भाडे आणि नफा त्यात असतोच. साबण, चॉकलेट, अत्तर यांचे भाव जालन्याच्या बाजारात निघण्याआधी पाहून ठेवले तर पुष्कळदा हसू येईल.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. शेकडेवारीच्या धड्यात आपण नफा-तोटा आणि व्याज शिकवतो. त्यात हाही एक हिशेब घालावा. फळ्यावर चार ओळी लिहाव्यात: माणसे किती, प्रत्येकाच्या वस्तूंची किंमत किती, सूट किती, कर किती. कोणाची सूट कोणाला देता येते काय, हा प्रश्न मुलांना विचारावा. इतिहासाच्या तासाला करोडगिरीचा नाका आणि आजचा विमानतळ शेजारी मांडून दाखवावा. त्या नाक्यावर कर कोणी आणि कसा घ्यावा हे ठरवण्यात रयतेला जागा नव्हती. आजचे नियम आपण निवडून दिलेल्या सरकारचे आहेत, आणि ते आवडले नाहीत तर बदलून घेण्याचा रस्ता मोकळा आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, काका, मामा बाहेर देशी आहेत. मूल घरी जाऊन फोनवर एवढे जरी म्हणाले, ‘बाबा, येताना दुसऱ्याचा डबा आणू नका, आणि शंका असली तर लाल वाटेने या,’ तरी एखादे घर मोठ्या संकटातून वाचेल. आकडे पुन्हा बदलतील. निघण्यापूर्वी ते ताजे विचारून घ्यावेत. स्वतःपुरते आणावे आणि खरे सांगावे, हे मात्र कौटिल्याच्या काळापासून बदललेले नाही.